महापौरांचा खासगी ईमेल आणि लोकांचं रेकॉर्ड: सॅन होझेची केस

सरकारी काम स्वतःच्या जीमेलवरून केलं तर तो ईमेल कुणाचा, या एका प्रश्नावर कॅलिफोर्नियातली सॅन होझे महापालिका जवळपास आठ वर्षं भांडत राहिली आणि शेवटी हरली. अर्ज जून २००९ चा, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल २ मार्च २०१७ चा. केसचं नाव 'सिटी ऑफ सॅन होझे विरुद्ध सुपीरियर कोर्ट'. नाव वाचून गोंधळायला होतं, पण शहराचं कोर्टाशी वैर वगैरे नव्हतं, खालच्या कोर्टाच्या आदेशाविरुद्ध अशा पद्धतीने वर गेलं की तिकडे समोरच्या बाजूला त्या कोर्टाचंच नाव लागतं, खरा समोरचा माणूस म्हणजे ज्याने माहिती मागितली तो.

आपल्याकडे माहिती अधिकाराचा विषय निघाला की बोलणं 'देत नाहीत', 'उशीर करतात', 'अपिलात फिरवतात' इथेच फिरतं, आणि ते खरंही आहे. पण या केसमधला प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. माहिती मुळात ऑफिसात आहे का? की निर्णय सगळे कुणाच्या तरी खिशातल्या फोनवर होतात आणि ऑफिसच्या फायलीत फक्त शेवटची सही येते? आज नगरसेवकापासून इंजिनिअरपर्यंत सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर चाललेला असताना ही केस जुनी वाटत नाही, उलट २००९ मध्येच कुणीतरी नेमकं बोट ठेवलं होतं याचं नवल वाटतं.

आधी परिस्थिती काय होती ते बघू. सॅन होझे म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतलं सगळ्यात मोठं शहर, साधारण दहा लाख वस्ती. शहराच्या मध्यभागाचा पुनर्विकास चालू होता आणि तो करायला वेगळी पुनर्विकास एजन्सी होती. कॅलिफोर्नियात तेव्हा या एजन्सींची व्यवस्था अशी होती की एखादा भाग 'बकाल' म्हणून जाहीर झाला की तिथल्या मालमत्ता कराचा आकडा तिथेच गोठवायचा, आणि पुढे किमती वाढून जो जास्तीचा कर येईल त्यातला बराचसा एजन्सीकडे जायचा, मग त्यावर कर्ज उभारायचं, जागा घ्यायच्या, बिल्डरांना मदत करायची. पैसा प्रचंड, आणि सॅन होझेची एजन्सी तर राज्यातल्या मोठ्यांपैकी. गंमत म्हणजे एजन्सीचं बोर्ड कोण? तर महापौर आणि नगरसेवकच. म्हणजे शहर म्हणून देखरेख करणारे तेच आणि एजन्सी म्हणून पैसे वाटणारेही तेच. अशा ठिकाणी कोण कुणाशी काय बोललं हे लोकांना कळणं हीच काय ती देखरेख उरते.

शहरातल्या एका कार्यकर्त्याने, जो स्वतः वकीलही होता, जून २००९ मध्ये शहर, एजन्सी आणि एजन्सीचे कार्यकारी संचालक यांच्याकडे अर्ज टाकला. एकूण ३२ प्रकारची रेकॉर्ड मागितली, विषय मध्यभागाचा पुनर्विकास. बाकी अर्ज नेहमीसारखाच, पण त्यात एक कलम असं होतं की महापौर, दोन नगरसेवक आणि त्यांचा स्टाफ यांनी खासगी फोनवरून किंवा खासगी अकाउंटवरून या विषयावर पाठवलेले आणि आलेले ईमेल आणि टेक्स्ट मेसेजही द्या.

शहराने काय केलं? सरकारी नंबर आणि सरकारी ईमेलवरचं दिलं. खासगी अकाउंटवरचं दिलं नाही. आणि हे लक्षात घ्यायला हवं की 'असे मेसेज नाहीतच' असं शहराचं उत्तर नव्हतं, उत्तर होतं की असले तरी ते आमचं रेकॉर्ड नाही. हा फरक मोठा आहे. 'नाही' म्हटलं असतं तर वाद पुराव्याचा झाला असता, 'आमचं नाही' म्हटल्यामुळे वाद व्याख्येचा झाला आणि तो थेट राज्यभर लागू होणारा झाला.

अजून एक गोष्ट, जी मला या केसमधली सगळ्यात बोचरी वाटते. त्या वेळचे महापौर चक रीड हे २००६ ची निवडणूक पारदर्शकता आणि स्वच्छ कारभार याच मुद्द्यावर लढून आले होते. आधीच्या महापौरांवर कचऱ्याच्या कंत्राटावरून प्रकरण झालं होतं, आरोपपत्रही दाखल झालं होतं (ते पुढे कोर्टाने रद्द केलं), आणि लोकांना उघड कारभार हवा होता. म्हणजे ही केस काही लपवाछपवीसाठी बदनाम असलेल्या शहरातली नाही. उघडपणाच्या नावाने निवडून आलेल्या प्रशासनानेच 'खासगी अकाउंट आमच्या हद्दीत नाही' हे लढवलं. यात लगेच कुणी चोर ठरत नाही. संस्था म्हणून वकील जे सांगतो तेच संस्था करते, आणि वकील नेहमी कमीत कमी द्यायचा सल्ला देतो, हे कुठल्याही ऑफिसात खरं आहे.

शहराचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे, कारण ते वाटतं तेवढं पोकळ नव्हतं. कॅलिफोर्नियाचा पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट १९६८ चा. त्यात सार्वजनिक रेकॉर्ड म्हणजे लोकांच्या कामकाजाशी संबंधित असं कुठलंही लिखाण, जे एखाद्या राज्य किंवा स्थानिक संस्थेने तयार केलंय, जे तिच्या मालकीचं आहे, जे ती वापरते किंवा जे तिने राखून ठेवलंय. शहर म्हणालं, बघा, कायदा 'संस्था' म्हणतो. नगरसेवक म्हणजे संस्था नाही. त्याच्या जीमेलचा पासवर्ड आमच्याकडे नाही, सर्व्हर आमचा नाही, आम्ही तो उघडू शकत नाही, मग जे आमच्या ताब्यातच नाही ते आम्ही देणार कसं? शिवाय त्या माणसाची प्रायव्हसी. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत प्रायव्हसीचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे हा मुद्दा नुसता बहाणा म्हणून उडवता येत नव्हता.

खालच्या कोर्टाने, म्हणजे सँटा क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) सुपीरियर कोर्टाने, २०१३ मध्ये अर्जदाराच्या बाजूने निकाल दिला. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला आणि शहराचं म्हणणं उचलून धरलं, की कायद्यात संस्था म्हटलंय तर संस्थाच. मग केस राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेली.

सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, निकालपत्र न्यायमूर्ती कॅरल कॉरिगन यांनी लिहिलं. कायद्याचे निकाल वाचायचा कंटाळा येणाऱ्यांनाही हे वाचता येईल, कारण मुद्दा अगदी साधा मांडलाय. संस्था नावाची वस्तू स्वतः काही लिहीत नाही. तिला हात नाहीत. शहराचं प्रत्येक पत्र, प्रत्येक टिपण, प्रत्येक ईमेल कुठल्यातरी माणसानेच टाइप केलेलं असतं. त्यामुळे कर्मचाऱ्याने लोकांच्या कामाबद्दल काही लिहिलं तर ते संस्थेनेच 'तयार केलं' असं धरायचं, मग ते कुठल्या अकाउंटवरून गेलं याने काही फरक पडत नाही. आणि ताब्याचं काय? तर कायद्यात 'किंवा' आहे. तयार केलेलं, किंवा मालकीचं, किंवा वापरलेलं, किंवा राखलेलं. संस्थेने तयार केलेली गोष्ट कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवली म्हणून तिचं सार्वजनिकपण संपत नाही.

आणि मग कोर्टाने ती गोष्ट बोलून दाखवली जी सगळ्यांना माहीत असते पण कुणी म्हणत नाही. शहराचा अर्थ मान्य केला तर कायदा चुकवायला फक्त खासगी अकाउंट वापरायचं, बस. सगळ्यात नाजूक, सगळ्यात अडचणीत आणणारी बोलणी तिकडे हलवायची आणि सरकारी इनबॉक्सात वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मीटिंगच्या वेळा ठेवायच्या. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन ५९ मंजूर करून सरकारी माहिती पाहण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातलेला, आणि त्यात असंही लिहिलंय की हक्क वाढवणाऱ्या तरतुदीचा अर्थ सैल लावायचा आणि हक्क आवळणाऱ्या तरतुदीचा घट्ट. त्या वाक्याने इथे खूप काम केलं.

पण मग नगरसेवकाचा फोन पूर्ण उघडा पडला का? नाही. इथे कोर्टाने जी रेघ आखली ती मला निकालातला सगळ्यात उपयोगाचा भाग वाटते. प्रत्येक गोष्ट जी कामाला जराशी लागून जाते ती रेकॉर्ड नाही. बघायचं काय, तर मजकूर काय आहे, कुठल्या संदर्भात आणि कशासाठी लिहिलं, कुणाला लिहिलं, आणि लिहिणारा आपल्या नोकरीचं काम म्हणून लिहीत होता का. कोर्टाने उदाहरणही दिलंय. कर्मचाऱ्याने नवऱ्याला किंवा बायकोला ईमेल केला की माझा सहकारी मूर्ख आहे, तर ते बहुधा रेकॉर्ड नाही. पण तोच माणूस वरिष्ठाला लिहितो की हा सहकारी प्रकल्प नीट चालवत नाहीये, पैसे वाया जातायत, तर ते रेकॉर्ड असू शकतं. दोन्ही ईमेल एकाच फोनवरून एकाच संध्याकाळी गेले असतील. अकाउंट तेच, पण एक घरातली कुरबूर आणि दुसरं सरकारी काम.

हे उदाहरण मला फार आवडतं कारण त्याने प्रायव्हसीचा बागुलबुवा बऱ्यापैकी आटोक्यात येतो. आपल्याकडे 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की चर्चाच बंद होते, फाइल बंद, अर्ज निकाली. तिथे कोर्ट म्हणतं, प्रायव्हसी आहेच, पण ती एकेका कागदावर बघा, जो भाग खरंच खासगी आहे तो झाका आणि बाकीचं द्या. सगळ्या अकाउंटवर एकदम पांघरूण घालायचं नाही.

आता शोधायचं कुणी

इथपर्यंत सगळं छान. व्याख्या ठरली. पण ज्याने कधी माहितीचा अर्ज टाकलाय त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचेल, की बाबा शोधणार कोण? महापालिकेचा रेकॉर्ड विभाग महापौरांच्या फोनमध्ये डोकं घालणार का?

कोर्टाचं उत्तर असं. संस्थेने वाजवी प्रयत्न करून शोध घ्यायचा, जगाच्या अंतापर्यंत नाही. अर्ज आला की ज्या कर्मचाऱ्यांचा संबंध येतो त्यांना कळवायचं. आणि मग संस्था त्या कर्मचाऱ्यांवरच विसंबू शकते की त्यांनी आपापली खासगी अकाउंट, फाइल्स, फोन स्वतः चाळावेत आणि जे लोकांच्या कामाचं आहे ते काढून द्यावं. जे देत नाहीत त्याबद्दल शपथपत्र, की मी हे हे चाळलं, हे हे दिलं नाही, कारण ते अमुक कारणाने खासगी आहे. शपथपत्रात नुसतं 'खासगी आहे' चालत नाही, कोर्टाला आणि अर्जदाराला समजेल इतका तपशील हवा. ही पद्धत उत्तरेकडच्या वॉशिंग्टन राज्यातून आली. तिथे २०१५ मध्ये पिअर्स काउंटीच्या सरकारी वकिलाच्या खासगी मोबाइलवरच्या मेसेजवरून 'निसेन विरुद्ध पिअर्स काउंटी' ही केस झाली होती आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने हाच शपथपत्राचा मार्ग काढला होता.

हा मार्ग मला पटतो आणि खटकतोही. पटतो अशासाठी की पर्याय फार वाईट आहे, सरकारने कर्मचाऱ्यांचे खासगी फोन जप्त करून चाळायला सुरुवात केली तर उद्या तीच सत्ता तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यावर वापरली जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. खटकतो अशासाठी की ज्याच्यावर संशय आहे त्यालाच शोधायला बसवलंय. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्याकडेच तपासायला द्यायचा आणि वर त्याची सही घ्यायची की मी प्रामाणिकपणे मार्क दिले, अशातला प्रकार आहे. सही खोटी निघाली तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा, हे खरं, पण ती खोटी आहे हे कळणार कसं, जोवर समोरच्या माणसाच्या इनबॉक्समधून तोच ईमेल बाहेर पडत नाही?

म्हणजे व्यवहारात काय होतं, तर खासगी अकाउंटवरचा एखादा ईमेल उघडकीला येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाकडून. कुणीतरी तो सरकारी पत्त्यावर फॉरवर्ड केलेला असतो, किंवा पत्रकाराच्या हाती लागतो, किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे केलेल्या अर्जातून येतो. म्हणून तिथले सराईत अर्जदार एकाच विषयाचा अर्ज दोन-तीन संस्थांकडे टाकतात आणि मिळालेलं जुळवून बघतात, एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे का नाही. हा जुगाड कायद्यात कुठे लिहिलेला नाही, पण तपासणीचं काम खरं तर तोच करतो.

आणि इथे कॅलिफोर्नियाच्या व्यवस्थेतली एक उणीव दिसते. तिथे आपल्यासारखा माहिती आयोग नाही. संस्थेने दहा दिवसांत (जास्तीत जास्त आणखी चौदा दिवस वाढवून) कळवायचं की रेकॉर्ड आहे की नाही, देणार की नाही, आणि नाही म्हटलं तर तुम्ही कोर्टात जायचं, बस. अर्जदार जिंकला तर वकिलाचा खर्च संस्थेने द्यायचा, ही एक मोठी सोय आहे आणि तिच्यामुळेच तिथे वकील अशा केस घेतात. पण आपल्या कायद्यात कलम २० खाली माहिती अधिकाऱ्याच्या पगारातून दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये कापता येतात, तसा त्या माणसाच्या खिशाला हात लावणारा दंड त्या राज्य कायद्यात नाही. सगळं बिल शहराच्या तिजोरीवर, म्हणजे करदात्यावर. आपली व्यवस्था काही फार भारी आहे असं नाही, आयोगात वर्षानुवर्षं अपिलं पडून असतात, पण किमान कागदावर तरी माणूस जबाबदार धरलाय.

काही शहरांनी स्वतःची देखरेख उभी केली. सॅन होझेपासून तासाभरावर सॅन फ्रान्सिस्को आहे, तिथे सनशाइन ऑर्डिनन्स म्हणून शहराचा स्वतःचा कायदा आहे, १९९३ चा, १९९९ मध्ये मतदारांनी आणखी कडक केलेला, आणि त्याखाली नागरिकांची ११ जणांची टास्क फोर्स आहे जिच्यापुढे कुणीही जाऊन तक्रार करू शकतो की अमुक विभागाने मला रेकॉर्ड दिलं नाही. वकील लागत नाही, फी नाही, उघड सुनावणी होते. पण टास्क फोर्स नेमतं कोण, तर शहराचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे तिथले नगरसेवक, ज्यांच्यावर तक्रारी येऊ शकतात तेच. आणि निर्णय दिला तरी दंड करायचा अधिकार तिला नाही, प्रकरण पुढे दुसऱ्या खात्याकडे पाठवायचं आणि वाट बघायची. तरीसुद्धा मला वाटतं की कोर्टापर्यंत आठ वर्षं जाण्यापेक्षा हे बरं, निदान अधिकाऱ्याला समोर उभं राहून सांगावं लागतं की का दिलं नाही, आणि ते रेकॉर्डवर जातं.

आठ वर्षांत काय काय बदललं

निकाल लागला तेव्हा ज्या पुनर्विकास एजन्सीबद्दल माहिती मागितली होती ती अस्तित्वातच नव्हती. राज्याने बजेटच्या खड्ड्यामुळे २०११ मध्ये कायदा करून अशा सगळ्या एजन्सी बंद करायचं ठरवलं आणि १ फेब्रुवारी २०१२ ला त्या बरखास्त झाल्या, सॅन होझेचीसुद्धा. चक रीड यांची महापौरपदाची मुदत २०१४ च्या शेवटी संपली. ज्या जमिनींवर, ज्या इमारतींवर बोलणी चालली होती त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. निकालाने राज्यातल्या प्रत्येक महापालिकेला, काउंटीला, शाळा मंडळाला नवा नियम मिळाला, पण २००९ मध्ये मध्यभागाच्या प्रकल्पात काय शिजत होतं हे २००९ मध्ये कळण्याचा जो उपयोग होता तो संपला होता. माहितीला वेळेची किंमत असते, शिळी माहिती अभ्यासकाला चालते, मतदाराला नाही.

निकालात अजून एक वाक्य होतं आणि माझ्या मते खरी किल्ली तीच आहे. कोर्ट म्हणालं, संस्थांनी असे नियम करावेत की आधीच गुंता होणार नाही, उदाहरणार्थ सरकारी कामाचं सगळं बोलणं सरकारी अकाउंटवरूनच करा, किंवा खासगीवरून झालंच तर त्याची प्रत सरकारी अकाउंटला पाठवा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तिकडे २०१४ पासून कायद्यानेच हे बंधन आहे, खासगी अकाउंटवरून सरकारी काम केलं तर लगेच, नाहीतर २० दिवसांत त्याची प्रत अधिकृत अकाउंटला गेली पाहिजे.

हे का महत्त्वाचं? कारण शपथपत्राची सगळी व्यवस्था अर्ज आल्यानंतर सुरू होते. तेव्हा माणसाला माहीत असतं की कोण काय शोधतंय, आणि अडचणीचं काय आहे. त्या क्षणी त्याला स्वतःचा फोन चाळायला सांगणं म्हणजे त्याच्या चांगुलपणावर सगळं टाकणं. प्रत पाठवायचा नियम मात्र लिहिण्याच्या वेळी लागू होतो, जेव्हा अर्ज आलेला नसतो, वाद नसतो, ईमेल नुसता एक ईमेल असतो. सवयीने सीसी टाकला की काम झालं. आणि नाही टाकला, तर चूक काय हे सिद्ध करणंही सोपं, 'तू लपवलंस' म्हणायची गरज नाही, 'तू नियमाप्रमाणे प्रत पाठवली नाहीस' एवढं पुरे. देखरेख करणाऱ्यासाठी हा फार मोठा फरक आहे, कारण हेतू सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं आणि प्रत आहे की नाही हे कुणीही बघू शकतं.

हे नुसतं माझं तर्कट नाही हे त्याच शहराने दाखवून दिलं. रीड यांच्यानंतर महापौर झालेले सॅम लिकार्डो हे २००९ मध्ये त्याच मध्यभागाचे नगरसेवक होते, म्हणजे ही सगळी केस त्यांच्या डोळ्यांसमोर झालेली. २०२२ च्या फेब्रुवारीत सॅन होझे स्पॉटलाइट ही स्थानिक बातम्यांची संस्था आणि फर्स्ट अमेंडमेंट कोअलिशन ही खुल्या कारभारासाठी काम करणारी संस्था यांनी शहर आणि लिकार्डो यांच्याविरुद्ध केस केली, मुद्दा पुन्हा तोच, महापौर खासगी ईमेलवरून शहराचं काम करतात आणि ते रेकॉर्ड नीट शोधलं जात नाही. २०२३ मध्ये सँटा क्लारा काउंटीच्या कोर्टाचा निकाल शहराविरुद्ध गेला. म्हणजे ज्या शहराच्या नावाने राज्यभर हा नियम ओळखला जातो त्याच शहरात, निकालानंतर पाच-सहा वर्षांत, तोच प्रकार पुन्हा. नियम माहीत नव्हता असं म्हणायला कुणाला तोंडच नव्हतं. माझ्या मते तिथे नियमाची उणीव नव्हती, दररोज तो पाळला जातोय का हे बघणारं कुणी नव्हतं. २००९ मध्येही शोध त्या माणसांच्याच हातात होता आणि २०२२ मध्येही.

आपल्या कायद्याकडे बघितलं तर व्याख्येचा हा झगडा आपल्याला निम्मा तरी वाचलाय. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २(एफ) मध्ये माहितीच्या व्याख्येत ईमेल सरळ लिहिलेले आहेत. पण कलम २(जे) म्हणतं की ती माहिती सार्वजनिक प्राधिकरणाकडे असलेली किंवा त्याच्या नियंत्रणाखालची हवी, आणि अडचण बरोबर तिथेच येते. वॉर्डातल्या ग्रुपवर उपअभियंत्याने ठेकेदाराला 'उद्यापासून काम सुरू करा, ऑर्डर नंतर निघेल' असं टाकलं, तर ते प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली आहे का? कॉरिगन यांचं उत्तर असेल की तो उपअभियंता म्हणून लिहीत होता, कामाबद्दल लिहीत होता, ठेकेदाराला लिहीत होता, तर ते रेकॉर्डच. आपल्याकडचा जन माहिती अधिकारी मात्र बहुधा लिहील, 'सदर माहिती कार्यालयीन अभिलेखात उपलब्ध नाही', आणि ते वाक्य अक्षरशः खरंही असेल, कारण ती कुणी कार्यालयीन अभिलेखात येऊच दिली नाही.

टेक्स्ट मेसेज आणि चॅटची गोष्ट ईमेलपेक्षा अवघड आहे हे मान्य करायला हवं. ईमेलला सीसी टाकता येतो, चॅटला काय टाकणार? स्क्रीनशॉट काढून मेल करणं कुणी रोज करत नाही. वर आपोआप पुसले जाणारे मेसेज आले. कॅलिफोर्नियात शहरांना रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचं कायदेशीर बंधन आहे, पण चार शब्दांचा मेसेज हा त्या अर्थाने 'रेकॉर्ड' आहे की नाही यावरच महापालिका वाद घालतात. काही ठिकाणी यावर साधा तोडगा निघालाय, की चॅटवर निर्णय घ्यायचे नाहीत, वेळ-जागा ठरवण्यापुरतं बोला, कामाचं काही ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा सरकारी ईमेल. ऐकायला बाळबोध वाटतं पण स्थानिक संस्थेत एवढा एकच नियम कसोशीने पाळला तरी निम्म्या भानगडी मिटतील.

आणि पद सोडल्यावर काय, हा भाग २०१७ च्या निकालाने सोडवलेला नाही. सरकारी लॅपटॉप परत घेतात, ओळखपत्र परत घेतात, सरकारी ईमेल बंद करून साठवून ठेवतात, आणि खासगी फोन माणसाबरोबर घरी जातो. लिकार्डो यांची मुदत २०२२ च्या शेवटी संपली तेव्हा त्यांच्याविरुद्धची केस चालूच होती. माजी पदाधिकाऱ्याला शहर 'तुझं अकाउंट चाळ' असं फार तर विनंती म्हणून सांगू शकतं. त्यामुळे स्थानिक संस्थेत कुणी खरंच देखरेख बसवायची म्हणत असेल तर मी सगळ्यात आधी शेवटच्या दिवसाच्या यादीत एक ओळ टाकेन, की खासगी अकाउंटवरचं कामाचं सगळं सरकारी अकाउंटला पाठवलंय असं लिहून सही केल्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही.